'दादा, पुढं काय करू?'

पावसाळी वीकएन्ड, राजमाचीचा ट्रेक, गरम पिठलं-भाकरी... आणि भाकरी वाढणाऱ्या मुलीनं विचारलेला एक साधा प्रश्न. मी त्याचं चुकीचं उत्तर दिलं. त्या चुकीची ही गोष्ट. आणि आपल्यासारख्या ऑफिसवाल्यांना एका रविवारच्या दोन तासांत काय करता येतं, त्याचीही.

कोंडाणे म्हटलं की निम्म्या लोकांना तानाजी आठवतो. नाही हो, तो कोंढाणा, पुण्याचा. हे कोंडाणे कर्जतचं. राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात. मुंबई-पुण्याच्या ट्रेकर पब्लिकचा रूट ठरलेला असतो. शुक्रवारी रात्री लोणावळा गाठायचं, पंधराएक किलोमीटर तंगडतोड करत पहाटेपर्यंत उधेवाडी, मग बालेकिल्ला, चहा, आणि उतरायचं कोंडाण्याच्या बाजूनं. वाटेत कोंडाण्याची लेणी लागतात. पावसाळ्यात लेण्याच्या तोंडावरून धबधब्याचा पडदाच पडत असतो. त्याखाली भिजायचं, फोटो काढायचे, खाली गावात जेवायचं, टमटमनं कर्जत स्टेशन, दिवाडकरांचा वडापाव आणि घर. टिपिकल.

२०२४ च्या जूनमध्ये आम्ही सात जण याच रूटवर होतो. सगळे एकाच ऑफिसचे, अंधेरीचे. खाली उतरलो तेव्हा पाय बोलत नव्हते, पोटं बोलत होती. ज्या घरात जेवण सांगितलं होतं तिथं मावशींनी तांदळाच्या भाकऱ्या, पिठलं, टाकळ्याची भाजी आणि ठेचा असा जाम भारी बेत केला होता. वाढायला त्यांची मुलगी. एस.वाय.बी.ए. झालेली, कर्जतच्या कॉलेजात.

भाकरी वाढता वाढता तिनं विचारलं, 'लेण्यावरचं अक्षर बघितलं का?'

आम्ही एकमेकांकडं बघितलं. कुठलं अक्षर? आम्ही धबधब्याखाली पन्नासेक फोटो काढले होते. एकातही अक्षर नव्हतं.

'चैत्याच्या डाव्या हाताला एक मोठी मूर्ती आहे ना, फुटलेली? तिच्या डोक्याजवळ आहे. ब्राह्मीत. कान्हाचा अंतेवासी बलक यानं केलं, असं लिहिलंय.'

आमच्यातली एचआरवाली म्हणाली, 'अंतेवासी म्हणजे?'

'जवळ राहणारा. म्हणजे शिष्य. स्टुडन्ट.'

दोनेक हजार वर्षांपूर्वी कुणा बलकानं दगडात सही केली, आणि सही करताना आपण कुणाचा विद्यार्थी ते सांगितलं. हे आम्हाला सांगत होती भाकरी वाढणारी मुलगी. तिला हे कसं माहीत? बारावीच्या सुट्टीत लेणी मोजायला, फोटो काढायला काही माणसं आली होती. चार दिवस त्यांचा चहा-डबा हिच्याच घरून जायचा. डबा द्यायला गेली की ही तिथंच बसून राहायची. त्यांनी वाचून दाखवलं, हिनं पाठ केलं.

मग तिनं तो प्रश्न विचारला. 'दादा, ती माणसं काय शिकलेली असतात? त्या कामाला जायचं तर पुढं काय करावं लागतं?'

माझा फंडू सल्ला

आता प्रामाणिकपणे सांगतो. मी काय उत्तर दिलं असेल? मी एमबीए आहे. बँकेच्या कर्जावर केलेलं, हप्ते अजून चालू असलेलं एमबीए. हातात भाकरी, समोर ऐकणारं माणूस. मग काय, आपल्यातला करिअर गुरू जागा झाला.

'ते इंटरेस्टिंग आहे गं, पण स्कोप नाही त्यात,' मी म्हणालो. 'एमबीएचं बघ. नाहीतर बँकेच्या परीक्षा. आणि आत्ता कशाला टेन्शन घेतेस? आधी टी.वाय. नीट दे. रिझल्ट लागला की मला फोन कर. मग बघू.'

नंबर दिला. तिनं वहीत लिहून घेतला. मला एकदम सही वाटलं. लोकलमध्ये विंडो सीट मिळाली आणि मी शांत झोपलो.

या एका परिच्छेदात दोन चुका आहेत. पहिली तुम्हाला दिसलीच असेल. तिनं विचारलं एक, मी सांगितलं भलतंच. दुसरी मलाही वर्षभर कळली नाही.

रिझल्ट लागल्यावर

जून २०२५. मीटिंगमध्ये होतो, अनोळखी नंबर. मी कट केला. पुन्हा आला. 'दादा, कोंडाण्याहून बोलतेय. रिझल्ट लागला. फर्स्ट क्लास. तुम्ही म्हणाला होता, मग बघू.'

माणूस किती सहज 'बघू' म्हणतो ना? तिनं तो शब्द वर्षभर जपून ठेवला होता.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा नीट शोधायला बसलो. बनारस हिंदू विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास आणि पुरातत्त्वाचं एम.ए. आहे. केंद्रीय विद्यापीठ, फी आपल्या वीकएन्डच्या खर्चाच्या मानानं किरकोळ. प्रवेश सीयूईटी-पीजी या परीक्षेतून. देशभरातल्या केंद्रीय विद्यापीठांच्या पदव्युत्तर प्रवेशांसाठी ही सामायिक परीक्षा २०२२ पासून आहे. आपली 'टिस'सुद्धा आता तिच्यातूनच प्रवेश देते. आणि तिचे फॉर्म? हिवाळ्यात भरायचे. परीक्षा मार्चमध्ये. म्हणजे टी.वाय.चं शेवटचं सेमिस्टर चालू असतानाच.

मी सांगितलं होतं, रिझल्ट लागला की फोन कर. रिझल्ट लागला तेव्हा ते दार बंद होऊन चार महिने झाले होते.

मी फोन करून तिला सांगितलं. सॉरी म्हणालो. ती म्हणाली, 'चालेल दादा. एक वर्ष थांबते.' मला हायसं वाटलं. मग ती हळू आवाजात म्हणाली, 'पण आमच्याकडं थांबलेल्या मुलीचं लग्न होतं.'

त्या रात्री मला झोप लागली नाही.

आपल्याला कुणी सांगितलं होतं?

मी बारावीत असताना कुठला फॉर्म कधी भरायचा हे मला माझ्या मावसभावानं सांगितलं. कुठल्या कॉलेजचं नुसतंच नाव मोठं आहे, हे सोसायटीतल्या एका दादानं. एमबीएच्या इंटरव्ह्यूला काय घालायचं, हे क्लासमधल्या सिनियरनं. यातली एकही गोष्ट मी शोधून काढली नव्हती. ती मला जेवता-खाता, जिन्यात, गच्चीवर फुकट मिळाली. आणि मी बिनधास्त समजत होतो की मी स्वतःच्या हुशारीवर इथं पोहोचलो.

कोंडाण्याच्या त्या घरात ती पहिलीच ग्रॅज्युएट. मावसभाऊ कंपनीत हेल्पर, सिनियर सगळ्या लग्न झालेल्या. मोबाइल आहे, डेटा पॅक आहे. इंटरनेटवर सगळं आहेच की, असं आपण म्हणतो. पण शोधायला आधी त्या गोष्टीचं नाव माहीत असावं लागतं. 'लेणी वाचणारी माणसं' असं टाकून सीयूईटीचा फॉर्म सापडत नाही. पुरातत्त्व, पुराभिलेख, पाली हे शब्द आधी कुणीतरी कानावर घालावे लागतात.

हे फक्त इतिहासाच्या वेडापुरतं नाही. तिच्या शेजारचा मुलगा बारावी सायन्सला आहे. कर्जतला कोकण कृषी विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे. भाताच्या 'कर्जत' नावाच्या वाणांची ख्याती इथलीच. त्याच्या घरच्या शेतात तेच भात. रोज कॉलेजला जाता-येता तो त्या फाटकासमोरून जातो. आत जी माणसं आहेत ती बी.एस्सी. ॲग्री करून आलीत, आणि त्या प्रवेशासाठी एमएचटी-सीईटी द्यावी लागते, हे त्याला माहीतच नव्हतं. तो म्हणाला, 'मला वाटलं तिथं खत मिळतं.'

आठ दिवस, एक एक्सेल शीट

अपराधी वाटणं ही फार प्रॉडक्टिव्ह गोष्ट आहे. मी एक शीट उघडली. कॉलम पाच: कोर्स, कुठं, प्रवेश कसा, फॉर्म कधी, खर्च किती.

सीयूईटी गेली, पण राज्यातली बरीच दारं उन्हाळ्यात उघडतात. पुण्याचं डेक्कन कॉलेज सापडलं. मुळं थेट १८२१ पर्यंत जाणारी ही संस्था, १९९० पासून अभिमत विद्यापीठ. हसमुख सांकळियांसारख्या संशोधकामुळं भारतीय पुरातत्त्वात तिचं नाव मोठं. तिथल्या पुरातत्त्वाच्या एम.ए.ला कुठल्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो, हे वाचून मी खुर्चीतून उडालो. आणि फॉर्म अजून चालू होते! मुंबई विद्यापीठात पाली विभाग आहे. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात पाली आणि बौद्ध अध्ययनाचा विभाग आहे. लेणी वाचायची तर हाही एक रस्ता. एम.ए. नंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ग्रेटर नॉयडाच्या संस्थेत दोन वर्षांचा पदव्युत्तर डिप्लोमा असतो, त्यात विद्यावेतनही मिळतं.

घरून निघताच आलं नाही तर? नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण, जुन्या पब्लिकचं 'आयडॉल', १९७१ पासून आहे. आता त्याचं नाव सीडीओई. काहीच नाही तर 'स्वयम'वर घरबसल्या फुकट शिकता येतं. बॅकअप प्लॅन तयार.

शिष्यवृत्त्यांचा कॉलम मात्र जंगल निघालं. महाडीबीटी हे राज्याचं पोर्टल, पण कुठली योजना कुणाला, यात माझी दोन रात्रींची वाट लागली. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध मुलांना हॉस्टेल मिळालं नाही तर स्वाधार. आदिवासी मुलांना स्वयम योजना (शिकवणारं 'स्वयम' वेगळं, नाव तेच, सरकारला साष्टांग). ओबीसींसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना. मुलींना शंभर टक्के फी माफी हे तर सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण जुलै २०२४ च्या त्या निर्णयाची माफी व्यावसायिक अभ्यासक्रमांना आहे, तीही ठरावीक प्रवर्गांतल्या आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना. साध्या एम.ए.ला ती धरून चालायची नाही. हे आधी नीट वाचलं म्हणून बरं, नाहीतर मी काकांना हाही 'बघू'छाप शब्द देऊन आलो असतो.

काकांचा प्रश्न

रविवारी शीटचा प्रिंटआउट घेऊन कर्जतला गेलो. तिचे बाबा ओट्यावर बसले होते. मी पंधरा मिनिटं प्रेझेंटेशन दिलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, 'हे करून नोकरी लागते का?'

एक वर्षापूर्वीचा मी ठोकून दिलं असतं, लागते की! या वेळी खरं सांगितलं. 'खात्री नाही, काका. सरकारी जागा कमी निघतात. पुरातत्त्व खातं, संग्रहालयं, नेट-सेट काढून कॉलेजात शिकवणं, एवढे रस्ते आहेत. वेळ लागतो. पण तिला हेच आवडतंय, आणि ती यात हुशार आहे, हे मला दिसतंय.'

काका गप्प. मावशी आतून म्हणाल्या, 'पावसाळ्यात तुमच्यासारखी माणसं जेवून जातात, त्यातलं काही बाजूला ठेवलंय मी.' काकांनी तिकडं बघितलं. ही बातमी त्यांनाही नवीन होती.

मग त्यांनी असा प्रश्न विचारला, ज्याचं उत्तर माझ्या पाच कॉलममध्ये नव्हतं. 'तिथं हिच्यासारखं कोण आहे का?'

हिच्यासारखं म्हणजे गावातलं. मराठी मीडियममधून आलेलं. घरी कुणी न शिकलेलं. मी मित्रांना मेसेज टाकले. मित्राच्या मैत्रिणीच्या ओळखीतून दोन दिवसांत एक मुलगी सापडली. मराठवाड्यातल्या खेड्यातून पुण्यात एम.ए.ला आलेली. दोघींचा फोन झाला. माझ्या शीटनं आठ दिवसांत जे केलं नाही ते त्या वीस मिनिटांनी केलं. मेसचं जेवण कसं, इंग्रजीतलं लेक्चर कळतं का, सुरुवातीला रडू येतं का. (येतं. दिवाळीपर्यंत थांबतं.) शेवटी काकांनीच फोन मागून घेतला आणि विचारलं, 'बाळ, तुझे वडील काय करतात?'

फोन ठेवून ते म्हणाले, 'भर फॉर्म.'

एकलव्याला अंगठा न मागणारे

हे काम मोठ्या प्रमाणावर करणारी माणसं आपल्याच राज्यात आहेत, हे मला त्या शोधाशोधीत कळलं. बुलडाणा जिल्ह्यातल्या छोट्या गावातून आलेल्या राजू केंद्रे यांनी मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली, मग ते 'टिस'मध्ये शिकले. २०२१ मध्ये त्यांना चेव्हनिंग शिष्यवृत्ती मिळाली आणि ते लंडनच्या 'सोआस'मध्ये गेले. त्याआधीच त्यांनी यवतमाळमधून 'एकलव्य'चं काम सुरू केलं होतं. घरातून पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलांना देशातल्या नावाजलेल्या विद्यापीठांची ओळख करून द्यायची, फॉर्मपासून परीक्षेपर्यंत त्यांच्या सोबत राहायचं. आधी गेलेल्यानं मागून येणाऱ्याचा हात धरायचा, हा त्यातला फंडा.

तिकडं अमेरिकेत तर हे सरकारनंच सुरू केलं. १९६४ च्या गरिबी हटवण्याच्या कायद्यातून 'अपवर्ड बाउंड' हा कार्यक्रम निघाला. ज्यांच्या घरात कुणी कॉलेजात गेलं नाही अशा मुलांना शाळेत असतानाच कॉलेजची वाट दाखवायची. साठ वर्षं होऊन गेली, तरी काम संपलेलं नाही.

आपल्याला एवढं मोठं काही करायची गरज नाही. पण आपण दर पावसाळ्यात या गावांमध्ये जातो. त्यांच्या ओट्यावर जेवतो, त्यांच्या धबधब्यात भिजतो. जाताना बिस्किटाचे पुडे वाटतो आणि फोटो टाकतो. आपल्या खिशात असलेली सगळ्यात महाग गोष्ट मात्र तशीच परत घेऊन येतो. ती म्हणजे 'हे असं असतं' याची माहिती.

तर, काय करायचं?

(फ्रिजवर लावायला. किंवा कर्जतच्या एखाद्या भिंतीवर.)

आधी विचारा, मग सांगा. 'तुला काय आवडतं?' हा पहिला प्रश्न. तुमचा स्वतःचा कोर्स हा सल्ला नव्हे.

'रिझल्टनंतर बघू' हे वाक्य डिलीट करा. पदवीचं शेवटचं वर्ष सुरू झालं की शोध सुरू. एम.एस्सी.साठी आयआयटीची 'जॅम' द्यायची तर फॉर्म सप्टेंबरच्या सुमारास. सीयूईटी-पीजीचे फॉर्म हिवाळ्यात. राज्याच्या सीईटींचे फॉर्मही साधारण हिवाळ्यातच. राज्यातल्या विद्यापीठांच्या विभागांचे प्रवेश उन्हाळ्यात. तारखा दरवर्षी हलतात, म्हणून त्या त्या संस्थेच्या साइटवरच बघा.

कागद आधी काढायला लावा. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर. तहसील कचेरीला आपल्या डेडलाइनशी देणंघेणं नसतं.

खोटी आशा दाखवू नका. खर्च, हॉस्टेल, नोकरी, जे आहे ते सांगा. घरच्यांना खरं बोललेलं कळतं.

एक प्लॅन बी घरून करता येईल असा ठेवा. मुक्त विद्यापीठ ही कमीपणाची गोष्ट नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. माहिती देऊन पळू नका, माणूस गाठून द्या. तिच्यासारखीच, पण दोन वर्षं पुढं असलेली.

जाता जाता तुमच्यासाठी: चेव्हनिंगला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. तो तुमच्याकडं बहुतेक असेलच. काय सांगावं?

सही कुणाची?

त्या दिवाळीत ती पुण्याहून घरी आली होती. आम्ही पुन्हा सात जण, पण या वेळी उलटे, खालून वर. धबधबा आटलेला, त्यामुळं भिजायचा प्रश्नच नव्हता. तिनं आम्हाला त्या फुटक्या मूर्तीसमोर उभं केलं आणि एकेक अक्षरावर बोट न टेकवता, लांबूनच, वाचून दाखवलं. आता पाठ केलेलं नाही, वाचलेलं.

'बघा,' ती म्हणाली, 'आधी कान्हाचं नाव आहे. बलकाचं नंतर. गुरूचं नाव आधी लिहिलंय त्यानं.'

खाली घरी आलो तर ओट्यामागच्या भिंतीवर एक कार्डशीट चिकटवलेली. स्केचपेननं महिने लिहिलेले, पुढं फॉर्मची नावं. माझ्या शीटची मराठी आवृत्ती. खाली तिनं स्वतःचा मोबाइल नंबर टाकला होता. मावशी म्हणाल्या, 'आता जेवणापेक्षा ते बघायलाच जास्त पोरं येतात.'

त्यातलाच एक ओट्याच्या कडेला उभा होता, अकरावीतला, लाजत. 'दादा, पुढं काय करू?'

माझ्या तोंडात उत्तर अगदी तयार होतं. मी भाकरीचा घास घेतला, तो नीट चावून गिळला आणि विचारलं, 'आधी तू सांग. तुला काय करायला आवडतं?'